वाचकांचे प्रश्न : येशू ख्रिस्त खरोखर होऊन गेला काय?

प्रश्न : नाताळनंतर आमच्या गावच्या पारावर गप्पा चालल्या असता एक परिचित म्हणाले, "येशू नावाचा माणूस झालाच नाही; झाला असता तर रोमन सरकारच्या दप्तरात नोंद नसती का?" उत्तर सुचले नाही. बायबलबाहेर काही पुरावा आहे काय?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपल्या परिचितांनी दप्तराकडून जरा जास्तच अपेक्षा ठेवली आहे. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदी (जैन मंदिर) रट्ट राजाचा मंत्री बिचिराज याने 1204 मध्ये बांधली हे आपण सांगतो, कारण शिलालेख कोरवून घेण्याची त्याची ऐपत होती. छतातले कमळ घडवणाऱ्या पाथरवटांची नावे मात्र कोणी विचारत नाही. येशूच्या काळी यहूदिया या रोमन प्रांताचा सुभेदार असलेल्या पंतय पिलात याचे नाव कोरलेला दगडसुद्धा 1961 मध्ये कैसरियाच्या उत्खननात, नाट्यगृहाच्या पायरीला वापरलेला असा हाती आला. मग त्याने क्रुसावर चढवलेल्या गालीलातील एका सुताराचा दगड कोठून मिळणार?

तरीही बायबलबाहेरचे उल्लेख आहेत. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इसवी सन 116 च्या सुमारास, निरोच्या काळात रोमला लागलेल्या आगीची हकिकत सांगताना, सम्राट टायबेरियसच्या कारकिर्दीत पिलाताने 'ख्रिस्ता'ला देहदंड दिला असे लिहिले आहे. हा गृहस्थ ख्रिस्ती पंथाला घातक अंधश्रद्धा म्हणतो, त्यामुळे त्याने भक्तिभावाने काही रचले असेल ही शंका उरत नाही.

यहुदी इतिहासकार योसेफस याची साक्ष अधिक गुंतागुंतीची आहे. त्याच्या 93-94 च्या ग्रंथात येशूविषयी जो मोठा परिच्छेद सापडतो, त्यातील 'हा ख्रिस्त (म्हणजे यहुद्यांना अपेक्षित तारणहार) होता' यासारखी वाक्ये आयुष्यभर यहुदी राहिलेला माणूस लिहिणार नाही, ती पुढे ख्रिस्ती लेखनिकांनी घुसडली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण प्रक्षिप्त भाग सापडला म्हणून मूळच नाकारायचे नसते. ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले होते म्हणून एकनाथांनी शके 1506 मध्ये ती शुद्ध केली, ज्ञानेश्वर झालेच नाहीत असे त्यावरून कोणी म्हटले नाही. शिवाय त्याच ग्रंथात पुढे, याकोब नावाच्या माणसाला दगडमार झाल्याचे सांगताना, 'ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ' अशी त्याची ओळख दिली आहे. याकोब पुष्कळ होते; कोणता ते कळावे म्हणून, आपण गावात 'अमक्याचा धाकटा भाऊ' म्हणतो, तसाच हा सहज निघालेला उल्लेख आहे, आणि सहज असल्यामुळेच तो मोलाचा आहे.

माझ्या मते सर्वांत बळकट दुवा मात्र बायबलमध्येच आहे. येशूच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांत लिहिलेल्या गलतीकरांस पत्रात पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक पौल सांगतो की आपण यरुशलेमेत येशूचा शिष्य पेत्र याच्याजवळ पंधरा दिवस राहिलो आणि 'प्रभूचा भाऊ' याकोब यालाही भेटलो. धर्मग्रंथात आहे म्हणून पत्र हे पत्र राहत नाही असे नाही, आणि काल्पनिक माणसाला सख्खा भाऊ भेटत नाही.

या साऱ्यातून एक माणूस होऊन गेला आणि पिलाताच्या हुकुमाने क्रुसावर मेला, एवढेच सिद्ध होते. चमत्कार आणि पुनरुत्थान हे श्रद्धेचे विषय आहेत, तेथे इतिहासाची साधने चालत नाहीत. पारावर पुन्हा विषय निघालाच, तर 2002 मध्ये गाजलेल्या, 'याकोब, येशूचा भाऊ' असा लेख असलेल्या दगडी अस्थिपेटीचा दाखला मात्र देऊ नये. ती उत्खननात सापडलेली नसून पुराणवस्तूंच्या बाजारातून आली आहे, आणि तिच्यावरील अक्षरांचा वाद अजून मिटलेला नाही.