तारा काढून टाका म्हणणारी मुलगी

संक्रांत होऊन आठवडाही झाला नव्हता. मानेवाड्याहून एक आई तेरा वर्षांच्या मुलीला स्कूटीवर घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आली. दोघींच्याही तोंडाला स्कार्फ. नागपुरात त्यात नवल नाही. थंडी असो की ऊन, स्कूटीवरच्या बाईचं तोंड झाकलेलंच असतं. खोलीत आल्या आल्या आईने गाठ सोडली. मुलीने सोडली नाही.

"काढ ना बाई तो स्कार्फ," आई म्हणाली.

मी म्हटलं, राहू द्या.

मुलीला इथे श्रावणी म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आईने सांगितलं ते असं. दात पुढे म्हणून आठ महिन्यांपूर्वी तारा लावल्या. जागा करण्यासाठी चार दाढा, म्हणजे सुळ्यांच्या मागच्या लहान उपदाढा, काढल्या. सुरुवातीला श्रावणी खुशीत होती. दिवाळीनंतर बिनसलं. "ब्रशच नाही करून राहिली, मॅडम. डॉक्टर म्हणाले, दातांवर पांढरे डाग पडले. संक्रांतीला तिळाची कडक चिक्की खाल्ली, दातांवर चिकटवलेले दोन ब्रॅकेट निघाले. आता म्हणते, तारा काढूनच टाका. इतका पैसा घातला. जबरदस्ती करू की काढून टाकू?"

हा प्रश्न मला बरेच आईबाप विचारतात. तारांचा उपचार साधारण १८ ते २४ महिने चालतो आणि तो नेमका अशा वयात होतो, जेव्हा मूल आरशासमोर सर्वांत जास्त वेळ घालवतं. मधेच कंटाळा येणं, चिडणं हे होणारच. पण श्रावणीचं फक्त कंटाळ्यावर थांबलं नव्हतं, हे त्या स्कार्फवरून दिसत होतं.

दुसऱ्या वेळी मी तिला एकटीला बोलावलं. बराच वेळ शाळेबद्दल बोललो. डब्यातले पोहे ब्रॅकेटमध्ये अडकतात म्हणून ती डबाच खात नव्हती. वर्गातली दोन मुलं तिला 'लोखंडी' म्हणत. हे मला अपेक्षित होतं. पण ती पुढे जे म्हणाली, ते मला सुचलंच नसतं.

"ब्रश केला की रक्त येतं. बेसिनमध्ये लाल दिसतं. आजी म्हणाली, रक्त येते तर घासू नको, हिरड्या फाटतील. मम्मीला सांगितलं तर ती पैशाचं काढते. म्हणून मी ब्रश नुसता ओला करून ठेवते."

आठ महिन्यांतले जवळपास तीन महिने ती ओल्या ब्रशने सगळ्यांना फसवत होती, आणि स्वतः रोज घाबरत होती. आपल्या तोंडात काहीतरी बिघडतंय आणि ते आपल्यामुळेच, असं तिला वाटत होतं. आजीने तर प्रेमानेच सांगितलं होतं. दुखतंय तिथे हात लावू नये, हे आपल्या घरांत शहाणपणच समजलं जातं. हिरड्यांच्या बाबतीत मात्र ते उलटं पडतं.

मी दंतवैद्य नाही, म्हणून दातांबद्दल माझ्या मनाचं काही सांगत नाही. तिला म्हटलं, तुझ्या मनातले प्रश्न कागदावर लिही. मम्मीचे नाही, तुझे. तिने वहीचं पान फाडून पाच प्रश्न लिहिले. रक्त का येतं? डाग जातील का? इतका वेळ का लागतो? आत्ता तारा काढल्या तर काय होईल? आणि पाचवा, खाली बारीक अक्षरात, दाढा काढल्या म्हणून माझे डोळे अधू होतील का?

पुढच्या तारखेला मी आईला विनंती केली की डॉक्टरांसमोर श्रावणीलाच बोलू द्या. डॉक्टरांनाही आधी फोन केला. त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि एकेक उत्तर तिला दिलं. हे सगळेच डॉक्टर करत नाहीत, म्हणून मला त्यांचं मोल वाटतं.

रक्त येतं कारण ब्रॅकेट आणि हिरडीच्या मध्ये जंतूंचा चिकट थर साठतो आणि हिरडी सुजते. मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धरून हलक्या हाताने रोज फिरवला, की साधारण आठ-दहा दिवसांत रक्त कमी होतं. नाही झालं तर येऊन दाखवायचं. डाग म्हणजे त्याच थरातल्या आम्लाने दाताच्या वरच्या कवचातले क्षार निघून जातात, तिथे दात खडूसारखा पांढरा दिसतो. आता स्वच्छता आणि फ्लोराइड सुरू केलं तर डाग वाढणं थांबतं, काही फिकेही होतात, पण सगळे पुसले जातील असं वचन त्यांनी दिलं नाही. वेळ लागतो कारण दात नुसता ढकलून सरकत नाही. तार हलका दाब देते, तेव्हा दाताच्या पुढचं हाड थोडं विरघळतं आणि मागे नवीन हाड तयार होतं. घाई केली तर मुळांना इजा होऊ शकते. मधेच काढलं तर दात जुन्या जागेकडे सरकू लागतील आणि काढलेल्या दाढांच्या फटी तशाच राहतील. आणि डोळ्यांचा दाढांशी काही संबंध नाही. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी.

पाचवं उत्तर ऐकताना श्रावणीने पहिल्यांदा मान वर केली.

आईशी मला वेगळं बोलावं लागलं. ती म्हणाली, "माझेही दात असेच होते मॅडम. माझ्या लग्नाचा अल्बम बघा, एकाही फोटोत मी तोंड उघडलेलं नाही." हे सांगताना तिचा आवाज भरून आला. या बाईने किती प्रेमापोटी हे सगळं सुरू केलं, हे मला तेव्हा कळलं. पण तिची जुनी जखम आणि मुलीचे दात एकमेकांत गुंतले होते. दर वेळी पैशाचा उल्लेख झाला की श्रावणीला वाटे, आपण कर्ज फेडतोय. मी आईकडे दोनच गोष्टी मागितल्या. घरात पैशाचा विषय मुलीसमोर काढायचा नाही. आणि "ब्रश केला का?" हे विचारायचं नाही.

"मग कळणार कसं?"

त्यासाठी डॉक्टरांनी रंगाच्या गोळ्या दिल्या. चावून चूळ भरली की जिथे थर राहिला तिथेच रंग दिसतो. दर रविवारी रात्री श्रावणी स्वतः आरशात बघणार. आईने बघायचं नाही, तिने बोलावलं तरच.

शाळेशी मी बोलले. डब्यानंतर पाच मिनिटं नळावर जायची परवानगी मिळाली. दप्तरात छोटी पिशवी आली: तारांखाली घालायचा बारीक टोकाचा ब्रश, घरच्याइतकीच फ्लोराइड असलेली पेस्ट (पाकिटावर १००० पीपीएम किंवा जास्त बघून घ्यावी), आणि ओठाला टोचणाऱ्या जागी लावायचं मेण. डब्यात पोहे राहिले, पण वरचे कडक चणे नाहीत. पेरू फोडी करून, ऊस आणि चिक्की बंद. संत्र्याबद्दल तिने आवर्जून विचारलं, नागपूरचीच मुलगी ती. संत्रं चालतं, फक्त त्यातल्या आम्लामुळे नंतर चूळ भरायची आणि अर्धा तास ब्रश करायचा नाही.

'लोखंडी' म्हणणाऱ्या मुलांचं मी काही सोडवू शकले नाही. त्यातला एक महिनाभराने आपणहून गप्प झाला, दुसरा अजून म्हणतो.

वाचणाऱ्या पालकांपैकी काहींचं मूल अजून लहान असेल. त्यांनी साधारण ७ व्या वर्षी एकदा दात दाखवून घ्यावेत. तेव्हा पक्के पुढचे दात आणि पहिल्या दाढा येऊ लागलेल्या असतात, जबड्याची काही अडचण असेल तर दिसते. लगेच तारा लावाव्या लागतील असं नाही. खर्चाची काळजी असेल तर नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात आधी चौकशी करा, तिथे वेळ लागू शकतो पण खर्चाचा भार कमी होतो. आणि तारा लावायच्या आधी मुलाला विचारा, त्याला कशाची भीती वाटते. उत्तर "काहीच नाही" आलं तरी दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

एप्रिलमध्ये मायलेकी शेवटच्या भेटीला आल्या. उन्हामुळे दोघींचेही स्कार्फ होते, दोघींनीही ते दारातच सोडले. हिरड्यांतून रक्त येणं बंद झालं होतं. वरच्या दोन दातांवर डाग अजून आहेत. आई मधेच म्हणाली, "डॉक्टर म्हणून राहिले, तारा निघाल्यावरही दात जागेवर धरून ठेवायला रिटेनर घालावा लागेल, बरीच वर्षं. म्हणजे परत सुरू!"

"रात्री झोपताना फक्त, मम्मी," श्रावणी म्हणाली. "पहिले काही महिने दिवसापण. मी विचारलंय त्यांना."