डॉक्टरांना काय वाटेल, ते नंतर बघू

*ताई, मी ४७ वर्षांची आहे, सातारा जिल्ह्यात शाळेत शिकवते. डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर बायरॅड्स ४ लिहिलंय. आमच्या सर्जननी येत्या गुरुवारी पूर्ण स्तन काढायचं ठरवलंय. बायोप्सी झालेली नाही. नणंद म्हणते, सुई टोचली की पसरतं, सरळ काढून मोकळी हो. मला मुंबईला दाखवावंसं वाटतं, पण मिस्टर म्हणतात, इतकी वर्षं त्यांनी आपलं घर सांभाळलं, त्यांना काय वाटेल? मी कृतघ्न ठरते का?*

नाही, अजिबात नाही. तुमच्या मूळ पत्रात गाठीबद्दल चार ओळी होत्या आणि कुणाला काय वाटेल याबद्दल पानभर. म्हणून आधी गाठीचंच बोलू या.

बायरॅड्स ४ याचा अर्थ संशय आहे, खात्री नाही, तुकडा काढून तपासा. या गटातल्या बऱ्याच गाठी पुढे साध्या निघतात, काही कॅन्सरच्या निघतात. तुमची कुठली ते आज तुम्हाला, मला किंवा तुमच्या सर्जनना, कुणालाच माहीत नाही. आणि ते माहीत नसताना अख्खा स्तन काढायची तारीख पडली आहे. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. कदाचित ऑपरेशन चालू असतानाच तुकडा तपासून, म्हणजे फ्रोजन सेक्शन करून, पुढचं ठरवायचा त्यांचा बेत असेल. पण मग निर्णय काय झाला ते तुम्हाला भूल उतरल्यावर कळणार. ते मला तुमच्यासाठी नको आहे.

आधी कोअर बायोप्सी करायला सांगा. जागा बधिर करून जाड सुईने गाठीचे बारीक तुकडे घेतात, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाता येतं. कॅन्सर निघालाच, तर ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (एक ठरावीक प्रथिन जास्त आहे का) या तपासण्या त्याच तुकड्यांवर होतात आणि उपचारांचा क्रम त्यावरून ठरतो. काही जणींना आधी केमो देतात, गाठ आकसते आणि मग तेवढीच काढून स्तन वाचवता येतो. ऑपरेशन आधी उरकलं, तर ही वाट बंद होते. आणि नणंदबाईंना सांगा, स्तनाच्या गाठीत सुईमुळे कॅन्सर पसरतो या भीतीला आधार नाही. सुईने तपासणी आधी आणि ऑपरेशन नंतर, हीच आज सगळीकडची रीत आहे.

पूर्ण स्तन काढला की जीव जास्त सुरक्षित, असंही घरात कुणी म्हणत असेल. अमेरिकेत आणि इटलीत १९७० च्या दशकात सुरू झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांचे वीस वर्षांनंतरचे निकाल २००२ मध्ये आले. सुरुवातीच्या टप्प्यात फक्त गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या बायका आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका, दोघींचं आयुर्मान सारखंच निघालं. काहींना पूर्ण काढावाच लागतो, तुम्हालाही लागेल कदाचित. पण ‘का’ ते विचारायचा हक्क तुमचा आहे.

आता मिस्टरांचं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. पण घरच्यासारख्या डॉक्टरांपुढे सनद कशाला काढायची? मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांत सर्जन, केमोचे, रेडिएशनचे आणि पॅथॉलॉजीचे डॉक्टर ट्यूमर बोर्डात एकत्र बसून एकेका पेशंटचं ठरवतात. डॉक्टरच एकमेकांना विचारतात, तर पेशंटने विचारलं म्हणून अपमान कसा होईल? मिस्टरांनीच जाऊन म्हणावं, ‘सर, तुमच्यावर विश्वास आहे म्हणून तुम्हाला सांगून जातोय. आधी बायोप्सी करू, टाटाला एकदा दाखवू, एक चिठ्ठी द्या.’ डॉक्टरांनी रागाने फाइल पुढे सरकवली, तरी तुम्ही ती घेऊन निघा. शरीर तुमचं आहे.

जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका. मॅमोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी, बायोप्सी झाली की तिच्या स्लाइड आणि तुकड्याचा मेणात बसवलेला ब्लॉक, हे सगळं न्या. दुसऱ्या मतात तोच तुकडा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने (तुकडे तपासणाऱ्या डॉक्टरने) पुन्हा बघणंही येतं, आणि कधी कधी निदान तिथेच बदलतं. तुमचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यायला हवेत, असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे.

परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून हेच काम करतंय. गर्दी असते, पहिला दिवस रांगेत जातो, सोबत कुणाला तरी न्या. राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरचे पेशंट आणि नातेवाईक उतरतात. जाणं जमत नसेल, तर टाटाशी जोडलेल्या ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेत कागद पाठवून घरबसल्या मत घेता येतं. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी ऑपरेशनच्या आधी करा.

उशीर होईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. गाठीवर जखम नाही, रक्त येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. अशा गाठीत बायोप्सी आणि दुसरं मत यासाठी गेलेल्या दोन-तीन आठवड्यांनी सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते चार ठिकाणी दाखवत, मधे कुणाचा तरी काढा घेत सहा महिने गेले तर. म्हणून दुसरं मत घ्या. दोघांचं जुळलं, तर उपचार तुमच्या सर्जनकडेच घ्यायला हरकत नाही, पुढचे ड्रेसिंग आणि तपासण्या गावातच सोप्या पडतील. जुळलं नाही, तर एकाचं म्हणणं दुसऱ्यापुढे ठेवून कारण विचारा. तिसरं मत फक्त तेवढी अडचण सोडवण्यापुरतं, आणि लगेच उपचार सुरू.

गुरुवारची तारीख मात्र आजच फोन करून पुढे ढकला.