सजगतेचे गुण वर्गानंतर कमी झाले, तर वर्ग वाया गेला का?

आपण लिहिले आहे की आठ आठवड्यांच्या सजगता-वर्गाआधी (सजगता म्हणजे माइंडफुलनेस, चालू क्षणाकडे जाणीवपूर्वक लक्ष देणे) १५ विधानांच्या प्रश्नावलीत आपली सरासरी ४.२ होती आणि वर्ग संपल्यावर ती ३.६ वर आली. वर्ग वाया गेला का, असा आपला प्रश्न आहे. मी सोलापुरात पदवीच्या विद्यार्थ्यांना मानसशास्त्र शिकवतो आणि प्रात्यक्षिकाच्या तासाला बहुधा हीच प्रश्नावली भरून घेतो. नुसत्या या दोन आकड्यांवरून तसे ठरवता येणार नाही, असे माझे मत आहे.

वर्णनावरून ही मानसशास्त्रज्ञ ब्राऊन आणि रायन यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेली मापनी दिसते. तिच्यातली सगळी विधाने सजगतेची नसून बेसावधपणाची आहेत: खाताना लक्ष नसते, निष्काळजीपणाने वस्तू सांडतात, कामे आपोआप उरकली जातात. ‘जवळजवळ नेहमीच’ला १ आणि ‘जवळजवळ कधीच नाही’ला ६ गुण. म्हणजे आपण किती वेळा बेसावध होतो हे आपणच सांगायचे; पण जो बेसावध होता त्याला ते कळले कसे असेल? वर्गाआधी जेवताना मन दहा ठिकाणी जात असूनही ते ध्यानात येत नव्हते, म्हणून आपण प्रामाणिकपणे ‘क्वचितच’ लिहिले असेल. आता प्रत्येक भटकणे ध्यानात येते, म्हणून तितक्याच प्रामाणिकपणे ‘बऱ्याचदा’ लिहिले असेल. मोजायची पट्टीच मधल्या काळात बदलली, तर आधीच्या आणि नंतरच्या मापांची वजाबाकी फारशी अर्थपूर्ण राहत नाही. अर्थात, आपल्या बाबतीत हेच घडले असे मी छातीठोकपणे म्हणत नाही. भरण्याच्या दिवशी झोप अपुरी असणे एवढेही कारण पुरेसे असते.

दुसरी अडचण विधानांच्या अर्थाची आहे, आणि ती मला एका विद्यार्थिनीच्या वडिलांमुळे उमगली. ते यंत्रमागावर चादरी विणतात. ‘मी कामे आपोआप करतो’ या विधानाला त्यांनी बेधडक ‘जवळजवळ नेहमीच’ असे उत्तर दिले, कारण त्यांच्या लेखी ती हात बसल्याची खूण होती आणि त्यात कमीपणाचे काही नव्हते. चार मागांच्या खडखडाटात एकाचा धागा तुटला, तर हा माणूस बोलता बोलता उठून नेमका तोच माग थांबवतो. त्यांचे गुण मात्र प्रश्नावली भरलेल्यांत सर्वांत कमी. (घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या कुटुंबात भाषांतरित विधाने कशी समजली जातात, हा आणखी वेगळा गुंता आहे.)

अर्थाची हीच अडचण दुसऱ्या एका प्रश्नावलीतही दिसते. मानसशास्त्रज्ञ रूथ बेअर आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या ३९ विधानांच्या प्रश्नावलीत सजगतेचे पाच घटक आहेत. त्यांपैकी ‘निरीक्षण’ हा घटक ध्यानाचा अनुभव असलेल्यांमध्ये इतर घटकांशी जुळला, अनुभव नसलेल्यांमध्ये तसा जुळला नाही. शरीरातल्या बारीकसारीक संवेदना टिपणे हे साधकाकडे शांतपणे होते, तर चिंताग्रस्त माणसाकडे धास्तीने. कागदावर दोघांची खूण एकाच चौकटीत पडू शकते.

म्हणून प्रश्नावली फेकून द्यावी असे मला वाटत नाही. मोठ्या गटांची तुलना करताना, सोबत दुसरे मापही असेल तर, ती उपयोगी पडते. असे एक माप म्हणजे श्वास मोजणे: १ ते ८ श्वासांना एक बटण, नवव्याला दुसरे, आणि किती फेऱ्या बरोबर झाल्या ते यंत्र नोंदवते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनुभवी ध्यानसाधक यात इतरांपेक्षा अचूक ठरले. येथे स्वतःबद्दलचे मत विचारलेच जात नाही.

आपण घरी एवढे करून पाहा. तीच प्रश्नावली पुन्हा भरा, पण या वेळी आजच्या समजुतीने, ‘वर्गाआधी मी कसा होतो’ हे आठवून. त्याची सरासरी ३.६ पेक्षाही खाली आली, तर आधीचे ४.२ फुगलेले होते असे मानायला जागा आहे. मात्र पैसे भरून वर्ग केलेल्या माणसाला आपला भूतकाळ आहे त्याहून वाईट आठवण्याचा मोह होतो, म्हणून रोज एकत्र जेवणाऱ्या घरच्या कोणाला तरी तीच विधाने आपल्याबद्दल भरायला सांगा, आणि आपले उत्तर त्यांना आधी दाखवू नका.