'पुष्कळ' लिहू नकोस

प्रिय मुली,

तुझा निरोप रविवारी रात्रीच वाचला. मागच्या रविवारी मुंबईत शिवडीच्या जेट्टीसमोर रोहितच रोहित (फ्लेमिंगो) होते, या रविवारी त्याच वेळी, सकाळी सातला, गेलीस तर चिखल रिकामा. त्यात ते बारके तपकिरी पक्षी सगळे सारखेच दिसतात, म्हणून हे आपल्याला जमणार नाही असं तू ठरवूनही टाकलंस.

रिकाम्या चिखलाचं उत्तर पंचांगात आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. आधीच्या रविवारी अष्टमी होती, आठ पाऊण सहा. सातला पाणी काठाशी, म्हणून पक्षीही काठाशी. या रविवारी पौर्णिमा, भरती सव्वाअकराच्या पुढे. सातला उधाणाची ओहोटी नुकती संपलेली, चिखल पार आतपर्यंत उघडा. रोहित गेले नव्हते गं, लांब पाण्याच्या कडेला होते. म्हणून तारखेशेजारी तिथी लिही. आणि मोज.

बारक्यांची नावं येत नाहीत? तरी मोज. 'चिमणीएवढा, पाय काळे, शिलाई मशिनसारखी टोच मारतो, १४०' एवढं लिहिलंस तरी काम झालं. तो छोटा टिलवा, हे कुणीतरी पुढे सांगेल. ते १४० मात्र पुन्हा कुणी सांगू शकणार नाही. थवा मोठा असेल तर आधी दहा नीट मोज, ते दहा केवढी जागा घेतात ते डोळ्यांत बसव आणि तेच माप थव्यावर टाकत जा. चुकेल. चुकू दे, पण आकडा लिही.

मी काय केलं ते सांगतो. नव्वदच्या दशकात मी याच काठावर यायचो. नोकरी, घरी दोन लहान मुलं, हाताशी एक रविवार. त्यात नवा पक्षी दिसला की स्वर्ग. दुर्मीळ पाहुण्यांची वर्णनं मी पानभर लिहिली. पुढे शिवडीहून न्हावाशेव्याकडे सागरी पुलाचं काम निघालं, तेव्हा एकाने विचारलं, पूर्वी इथे रोहित किती असायचे? मी वह्या काढल्या. पानामागून पान एकच नोंद: 'रोहित – पुष्कळ.' पुष्कळ म्हणजे किती? मी तिथे उभा होतो, डोळे शाबूत होते, आणि मला सांगता येईना. वेळ नव्हता, हे खरंच आहे. पण मोजायला अर्धा तास पुरला असता, हेही खरं.

ठाणे खाडीला २०२२ साली रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. त्या निकषांतला एक म्हणजे नियमितपणे २०,००० पाणपक्षी. तिथे 'पुष्कळ' चालत नाही. आता लोक मला हट्टी म्हणतात, कारण माझ्याबरोबर येणाऱ्याला मी आधी मोजायला बसवतो. म्हणू देत.

कॅमेऱ्याचं विचारलंस. आत्ता मुळीच नको. ऐंशी पक्ष्यांची यादी मिरवणाऱ्यांकडे बघून रडूही नकोस. एकच जागा धर, तिथेच जा, शेकाट्या आणि बगळेसुद्धा मोज.

येत्या रविवारी वद्य सप्तमी. सात पाऊण सव्वापाच. सातपर्यंत पाणी उतरू लागलेलं असेल आणि पक्षी उघड्या चिखलावर यायला लागतील. पावणेसातला शिवडी स्टेशनबाहेर भेट. पेन नको, पेन्सिल आण. तिथल्या दमट हवेत शाई फुटते.