जुनी गाडी हातात का राहत नाही? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत जुन्या मोटारसायकलींबद्दलची बरीच आहेत. तक्रार साधारण एकच: इंजिन केलं, रंग झाला, गाडी देखणी दिसते, पण रस्त्यावर धड चालत नाही. त्यांतले चार प्रश्न घेतले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांचं मूळही तिथेच आहे.

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा) : घरी 1974 ची बुलेट 350 आहे. इंजिनचं सगळं काम झालं. पण 50 च्या वर गेली की हँडल थरथरतं आणि खड्ड्यातून काढली की मागचा भाग बाजूला झटका देतो. मेकॅनिक म्हणतो, मागे रुंद टायर आणि अलॉय व्हील टाका, पुढे डिस्क बसवा, गाडी रस्ता धरेल. हा खर्च करावा का?

उत्तर : आत्ता करू नका. तुम्ही सांगता ती दोन्ही लक्षणं सांध्यांमधल्या प्लेची, म्हणजे ढिलेपणाची आहेत. सांधे ढिले ठेवून वर महागडे पार्ट चढवले तर दोष तसाच राहतो आणि पुढे तो शोधणंही अवघड होतं. तपासणी खालून वर करत जा : आधी टायर, मग रिम, मग चिमटा (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा), मग चाकांची रेघ आणि शेवटी हँडलची बेअरिंग.

टायरपासून सुरुवात करा. बाजूच्या भिंतीवर चार आकडी शिक्का असतो. 2316 असेल तर तो टायर 2016 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झाला. पडवीत उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरला नक्षी भरपूर दिसते, पण रबर कडक होऊन बारीक चिरलेलं असतं. असा टायर काढून टाका. तुमच्या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे 3.25-19 चाच टायर घ्या, पुढे उभ्या रेघांचा. हवा पुढे 18 ते 20 आणि मागे एकट्यासाठी 28, डबलसीटला 30. ती सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरची हवा जास्त दाखवते म्हणून पंपावर कमी करून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी गाडी मऊ टायरवर डोलत जाते.

रुंद टायरचा सल्ला आपल्या मातीसाठी तर अगदीच चुकीचा आहे. मूळ रिम 1.85 इंच रुंद असते. त्यावर जाड टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा गोल होतो आणि गाडी वळणात जड पडते. शिवाय पावसाळ्यात पांदणीतला काळा चिखल टायर आणि मडगार्डच्या मधे थापला जातो. मूळ टायरला तिथे थोडी तरी जागा असते. रुंद टायरला ती उरत नाही आणि चाक जाम होतं.

आता रिम. गाडी मेन स्टँडवर घ्या, चिमट्याला एक तार बांधून तिचं टोक रिमच्या कडेजवळ आणा आणि चाक हळू फिरवा. तार आणि रिममधलं अंतर 2 मिमीपेक्षा जास्त बदलत असेल तर आउट (रिमचा वाकडेपणा) काढून घ्या. त्याआधी प्रत्येक स्पोकवर पान्याने हलकं वाजवून पाहा. ताणलेला स्पोक खणखणतो, ढिला बद्द वाजतो. निपल (स्पोकचा नट) एका वेळी पाव फेराच फिरवायचं. एकाच जागी जोर लावला की रिम दुसरीकडे वर-खाली होते. गंजून अडकलेल्या निपलला आदल्या रात्री तेल सोडून ठेवा.

मागचा झटका जवळजवळ नेहमी चिमट्याच्या बुशातून (पिनवर फिरणाऱ्या नळीतून) येतो. मागचं चाक काढा, दोन्ही शॉकॉबचे (शॉक अॅब्सॉर्बरचे) खालचे बोल्ट सोडा आणि चिमट्याचं टोक धरून आडवं हलवा. डोळ्याला दिसेल इतकी हालचाल म्हणजे बूश गेले. चिमट्याच्या मुळाशी झिजलेला केसभर फरक चाकाशी पोचेपर्यंत कितीतरी पट होतो, म्हणून खड्ड्यात चाक एकीकडे आणि गाडी दुसरीकडे जाते. बूश ब्राँझचे असतील तर ते प्रेसने बसवा आणि दोन्ही बुशांतून एकाच वेळी, एका रेषेत लांब रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवून घ्या. वेगवेगळे रीम केले की पिन आत शिरते, पण अडकून फिरते. लेथवाल्याकडे जाताना पिनही सोबत न्या. तिच्यावर नखाला लागेल अशी पायरी पडली असेल तर नवा बूश महिन्याभरात पुन्हा ढिला होईल, पिन बदलावीच लागेल.

बूश रबरी असतील तर एक चूक टाळा. चिमटा लोंबकळत असताना पिनचा नट आवळू नका. आधी शॉकॉब आणि चाक लावा, गाडी जमिनीवर उतरवा, सीटवर कुणाला तरी बसवा आणि मग नट घट्ट करा. रबरी बूश सरकत नाही, तो पिळला जातो. लोंबकळत्या अवस्थेत आवळला तर माणूस बसताच तो पूर्ण पिळलेल्या स्थितीत जातो आणि लवकर फाटतो.

त्यानंतर दोन्ही चाकं एका रेघेत आहेत का ते पाहा. लांब दोरी मागच्या टायरला मागून गुंडाळा आणि दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापलीकडे आणा. दोरी स्टँडला अडणार नाही इतकी, पण होईल तेवढी उंच धरा. ती मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुकती टेकेपर्यंत दोन्ही टोकं आत घ्या. तुमचे दोन्ही टायर एकाच मापाचे आहेत, म्हणून हँडल सरळ धरल्यावर पुढच्या टायरलाही दोन्ही दोऱ्या सारख्याच लागायला हव्यात. फरक असेल तर मागच्या एक्सलवरचे दोन्ही बाजूंचे कॅम (चाक मागे-पुढे सरकवणाऱ्या खाचांच्या चकत्या) वेगवेगळे फिरवून चाक सरळ करा. कॅमच्या खाचा मोजून दोन्हीकडे सारख्या ठेवल्या की झालं, असं धरून चालू नका. वाकलेल्या चिमट्यावर खाचांचा हिशोब चुकतो. चेनचा झोल चालक बसलेला असताना, चेन जिथे सर्वांत ताठ होते तिथे, साधारण 25 मिमी ठेवा.

शेवटी हँडल. इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करा. फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांची) खालची टोकं दोन्ही हातांत धरून पुढे-मागे ओढा. टक् असा धक्का लागला तर कोन सेट (हँडलच्या बेअरिंगच्या कटोऱ्या आणि गोळ्या) ढिला आहे. मग हँडल अगदी हळू एका टोकाकडून दुसऱ्याकडे फिरवा. मधोमध, गाडी सरळ चालताना हँडल जिथे असतं त्याच जागी, खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर आवळून उपयोग नाही. वर्षानुवर्षं खड्ड्यांचे दणके बसून गोळ्यांनी कटोरीत घरं केलेली असतात. सेट पूर्ण बदला. फक्त गोळ्या बदलणं म्हणजे नव्या गोळ्या जुन्या खड्ड्यात टाकणं.

जुन्या कटोऱ्या आतून पंच लावून, आलटून-पालटून दोन्ही बाजूंना थोडं थोडं ठोकत काढा. नव्या मात्र हातोडीने ठोकू नका. लांब आटेवाला रॉड, जाड वॉशर आणि नट वापरून ओढून बसवा, म्हणजे तिरक्या जात नाहीत. बुलेटला पाव इंची 19 गोळ्या वर आणि 19 खाली लागतात. लिथियम ग्रीसच्या थरात त्या चिकटून राहतात. आवळण्याची पारख अशी : प्ले अजिबात नको, पण चाक अधांतरी असताना हँडल मधून सोडलं की स्वतःच्या वजनाने दोन्हीकडे सारखं पडलं पाहिजे. दोन-तीनशे किलोमीटरनंतर कटोऱ्या बसतात आणि थोडा प्ले येतो. तेव्हा पुन्हा आवळा. हे बहुतेक जण विसरतात, आणि नवा सेटही खराब होतो.

पैसे घालायचेच असतील तर ते इथे टेपर बेअरिंगवर (गोळ्यांऐवजी निमुळते रोलर असलेल्या) घाला. गोळीचा भार एका बिंदूवर पडतो, रोलरचा एका रेघेवर, त्यामुळे खड्ड्यांनी घरं पडायला फार वेळ लागतो. बाहेरून काही दिसत नाही, गाडीचं मूळ रूप तसंच राहतं. घेण्याआधी सेटची उंची मोजा. सेट उंच निघाला तर वरच्या नटला पुरेसे आटे मिळत नाहीत. तसा नट लावून गाडी चालवू नका.

प्रश्न (दर्यापूर, जि. अमरावती) : येझदीच्या पुढच्या शॉकअपचे ऑइल सील दोनदा बदलले, तरी गळती होते. जाड ऑइल टाकलं तर थांबेल का?

उत्तर : थांबणार नाही. नव्या सीलमधूनही तेल येतं तेव्हा दोष बहुधा शॉकअपच्या (फोर्कच्या) पाइपचा असतो. सील जिथे वर-खाली होतं तो भाग स्वच्छ पुसा आणि त्यावरून नख फिरवा. गंजाचे बारीक खड्डे लागले तर प्रत्येक हालचालीला ते सीलची ओठी कापतात. पाइप हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्या किंवा बदला. तो काचेवर लोळवून पाहायला विसरू नका. खालून उजेड लुकलुकला तर पाइप वाकलेला आहे, आणि वाकलेला पाइप सील एका बाजूने खातो. आतले बूश झिजले असतील तरी तेच होतं.

जाड ऑइलने गळती मंदावल्यासारखी वाटते, पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते इतकं घट्ट होतं की फोर्क दबतच नाही आणि सगळा दणका मनगटात येतो. मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच ऑइल मोजपात्राने घ्या, दोन्ही पायांत अगदी सारखं. ओतल्यावर फोर्क दहा-बारा वेळा दाबून आतली हवा काढा.

प्रश्न (मेहकर, जि. बुलडाणा) : राजदूतवर दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन बांधून नेतो. पुढचं चाक हलकं होतं, गाडी डुलते. मागे लांब गॅस शॉकॉब टाकले तर?

उत्तर : आधी कॅनची जागा बदला. कॅन मागच्या एक्सलच्या मागे लोंबत असतील तर त्या पुढचं चाक उचलतात. कॅरिअर असा करून घ्या की कॅनचा मधला भाग एक्सलच्या थोडा पुढे येईल आणि कॅन होतील तितक्या खाली बसतील. दोन्ही बाजूंचं वजन सारखं ठेवा. एक भरलेली आणि एक अर्धी यापेक्षा दोन्ही समान भरलेल्या बऱ्या, आणि अर्ध्या कॅनमधलं दूध वळणावर हिंदकळून गाडी ढकलतं हेही लक्षात असू द्या.

शॉकॉबची लांबी एका टोकाच्या बोल्टच्या भोकापासून दुसऱ्या टोकाच्या भोकापर्यंत मोजा आणि तेवढीच घ्या. लांब घेतला की मागचा भाग उचलतो, फोर्क उभा होतो, हँडल चंचल होतं. म्हणजे आहे ती तक्रार वाढेल. तुम्हाला जास्त लांबी नको, भार पेलणारी स्प्रिंग हवी. नेहमीचा भार लादून आणि स्वतः बसून पाहा : शॉकॉब एकूण चालीच्या (दबण्याच्या पूर्ण अंतराच्या) एक तृतीयांशापर्यंत दबला तर ठीक. निम्म्याहून जास्त दबत असेल तर स्प्रिंग कमकुवत आहे.

प्रश्न (परतवाडा, जि. अमरावती) : चिखलदऱ्याचा घाट उतरताना जुन्या जावाचे ब्रेक नाहीसे होतात. डिस्क बसवता येईल का? कागदपत्रांना अडचण येईल का?

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. शिवाय 50 वर्षांवरच्या गाडीची 2021 च्या नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंद करायची असेल तर ती मूळ रूपातच लागते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, म्हणून शेतावर न्यायची असेल तर नोंदणीचं साधं नूतनीकरणच करा.

ब्रेक मात्र ड्रममध्येच बरेच सुधारतात. ड्रम लेथवर गोल करून घ्या. लायनर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या) ड्रमच्या गोलाईप्रमाणे घासून घ्या, म्हणजे ते दोन टोकांना न टेकता पूर्ण टेकतील. लायनरच्या पुढच्या कडा थोड्या तिरक्या मारा. लायनर उघडणाऱ्या ब्रेकच्या कॅमला अगदी थोडं ग्रीस लावा. ब्रेक पूर्ण लागलेला असताना केबल आणि ड्रमवरचा लिव्हर यांच्यात काटकोन हवा. तो कोन मोठा झाला असेल तर दाबाची ताकद वाया जाते. जुन्या लायनरची धूळ हवेच्या नळीने उडवू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

घाट उतरताना खालचा गिअर ठेवा, ब्रेक सलग घासत न ठेवता जोरात दाबून सोडत जा. जावाचं इंजिन टू-स्ट्रोक आहे, ऑइल पेट्रोलमधूनच येतं. एक्सलरेटर बंद ठेवून लांब उतार उतरलात तर इंजिनला ऑइल मिळत नाही. दर काही वळणांनी क्षणभर एक्सलरेटर उघडत चला.