काटा टायरमध्येच राहिला असेल!

प्रश्न: मोटरसायकलचं मागचं टायर सारखं पंक्चर होतं. पंक्चरवाला म्हणतो, टायरच बदला. नक्षी तर अजून दिसते. काय करू?
– एक वाचक, यावल

उत्तर: भाऊ, आधी टायरच्या आतून जुनं फडकं फिरवून बघा, बोट नको. तुमच्याकडं केळीच्या बागांच्या बांधाला बाभळी. काटा बाहेरून मोडतो आणि टोक आत राहतं. फडकं जिथं अडकेल तिथं तो सापडेल. तो न काढता ट्यूबला कितीही ठिगळं लावा, चार दिवसांत परत तेच. रिमवरची रबरी पट्टीही बघा. ती सरकली असेल तर आऱ्याचं टोक ट्यूब आतून खातं.

आता टायर. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपलं. टायर कधी बनलं ते सांगणारे चार आकडे बाजूला असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आपल्याकडच्या उन्हानं रबर तडकतं. बाजूला भेगा असतील तर नक्षीकडं बघूच नका, बदला.

नवं घेताना जुन्यावरचंच माप घ्या, ट्यूबही नवी टाका. टायरवरचा बाण चाक पुढं फिरतं त्या दिशेला असावा. बसवताना ट्यूबमध्ये थोडी हवा आणि कडेला साबणपाणी, नाहीतर टामीखाली, म्हणजे टायर चढवायच्या लोखंडी पट्टीखाली, ट्यूब चिमटते. घाईतला पोऱ्या हमखास हेच विसरतो, म्हणून तिथं उभे राहा. चहा नंतर.