फाईल तुमची, सही कुणाची?

हिशेब आणि ऑडिटच्या कामात असलेल्या मुलींची, बायकांची बरीच पत्रं साठली होती. दोन पुरुषांचीही आहेत. त्यातली सहा इथे घेतली. नावं दिलेली नाहीत. सोलापुरात नुसती पेठ सांगितली तरी माणूस ओळखू येतो, म्हणून थोडे तपशीलही बदलले आहेत.

प्रश्न : आर्टिकलशिपचं (सीए होण्यासाठीच्या उमेदवारीचं) दुसरं वर्ष चालू आहे. ऑफिसात आम्ही तिघी मुली आणि दोघे मुलगे. साखर कारखान्याचं ऑडिट किंवा चिंचोळी एमआयडीसीतलं स्टॉक-टेकिंग (साठ्याची प्रत्यक्ष मोजणी) निघालं की सर मुलांना पाठवतात. आमच्या वाट्याला जीएसटी रिटर्न, टॅलीतल्या नोंदी आणि बँक रिकन्सिलिएशन (वहीतल्या आणि बँकेच्या आकड्यांचा मेळ). विचारलं तर म्हणतात, "तुमच्या घरचे काय म्हणतील?" सर वाईट नाहीत, पण ऑडिट शिकायला मिळत नाही. (जुळे सोलापूर)

उत्तर : सर वाईट नाहीत हे मान्य. बहुतेक ऑफिसांत नसतातच. पण नुकसान व्हायचं ते होतंच. १ जुलै २०२३ पासूनच्या सीएच्या नव्या शिक्षण योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. ही दोन वर्षं रिटर्न भरण्यात गेली, तर पुढे ऑडिटच्या मुलाखतीत सांगायला हाताशी काही उरत नाही.

गोदामात काय शिकायला मिळतं ते सांगते. साखरेची पोती थप्पीने रचलेली असतात. लांबीत किती, रुंदीत किती, उंचीत किती ते मोजून गुणाकार केला की पोत्यांचा आकडा आला. एवढं ऑफिसात बसूनही जमतं. पण थप्पी मधून पोकळ आहे का, ते वर चढल्याशिवाय दिसत नाही. खालच्या थरातली पोती ओल लागून दगड झाली आहेत का, मळीच्या टाकीत डिप-रॉड (पातळी मोजायची काठी) आपल्यासमोर टाकला की आकडा नंतर तोंडी मिळाला, हेही तिथे उभं राहिलं तरच कळतं. ती साखर बहुतेक वेळा बँकेकडे तारण असते. तिच्यावर उचललेलं कर्ज त्या थप्पीच्या भरवशावर असतं. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की ताळेबंदातली 'अखेरचा साठा' ही ओळ तुम्ही कायमची वेगळ्या नजरेने वाचता.

सरांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, ठरवून जा. "पुढच्या स्टॉक-टेकिंगला आम्ही दोघी येतो. ऑफिसची गाडी असेल तर सातच्या आत परत येऊ. घरी बोलून झालंय." घरच्यांचं निमित्त पुन्हा निघालंच, तर वडिलांना किंवा आईला सरांना एक फोन करायला सांगा. बाळबोध वाटेल, पण आपल्याकडे या एका फोनने पुष्कळ काम होतं. कारखान्यात बायकांचं स्वच्छतागृह कुठे आहे, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. लाजू नका, मी आजही विचारते.

सुरक्षिततेचं म्हणाल, तर लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कामानिमित्त जिथे जाल तिथे लागू होतो, मालकाने दिलेल्या गाडीतसुद्धा. शिकाऊ मुलीही त्यात येतात. दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसात अंतर्गत समिती नसते. तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. सोय करणं हे सरांचं काम आहे. मुलींना ऑफिसात बसवून ठेवलं म्हणजे सोय झाली असं होत नाही.

प्रश्न : मी सीए, मिस्टरही सीए. बारा वर्षं त्यांच्याच फर्ममध्ये काम करते. सप्टेंबरात टॅक्स ऑडिटच्या (आयकरासाठीच्या ऑडिटच्या) फाईली रात्री दोन-दोनपर्यंत मी तपासते, सही ते करतात. क्लायंट मला 'वहिनी' म्हणतात आणि "साहेब कधी येतील?" असं विचारतात. घरचंच आहे, म्हणून बोलायचं तरी काय? (सात रस्ता)

उत्तर : आधी मला सांगा, फर्ममध्ये तुम्ही भागीदार आहात, पगारी आहात की काहीच नाही? 'काहीच नाही' हा प्रकार सोलापुरात फार आहे.

आज संध्याकाळी एक करा. २०१९ पासून आपल्या सहीच्या प्रत्येक ऑडिट अहवालाला आणि दाखल्याला यूडीआयएन (त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लागतो. हा अठरा आकडी-अक्षरी क्रमांक फर्मच्या नव्हे, सभासद असलेल्या सीएच्या स्वतःच्या लॉगिनमधून निघतो. तुमचं लॉगिन उघडून गेल्या वर्षीची यादी बघा. ती रिकामी असेल, तर कागदोपत्री तुम्ही वर्षभर काही केलेलंच नाही. उद्या स्वतःचं ऑफिस काढायचं म्हटलं, नोकरीला अर्ज केला, किंवा (देव न करो) घरात काही बिनसलं, तर त्या रात्रींचा पुरावा कुठेच नाही. दुसरी बाजूही बघा. जो सही करतो त्याच्यावर जबाबदारी येते. तुम्ही तपासलेल्या फाईलवर मिस्टर न वाचता सही करत असतील, तर ते त्यांच्याही हिताचं नाही.

घरात हे हक्काच्या भाषेत मांडलंत तर वाद होईल. व्यवसायाच्या भाषेत मांडा. एका सीएला वर्षाला ६० टॅक्स ऑडिटची मर्यादा आहे, तुम्ही सही करू लागलात की तुमचे वेगळे ६० येतात. बँक शाखांच्या ऑडिटचं पॅनेल ठरतं तेव्हा फर्ममध्ये भागीदार किती आणि किती वर्षांचे हे बघतात. तुम्ही भागीदार नसाल, तर बारा वर्षं फर्मचंच नुकसान झालं आहे. भागीदारी नको असेल तर पगार तरी घ्या. नवऱ्याच्या व्यवसायातून बायकोला मिळालेला पगार एरवी नवऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो. पण बायकोकडे व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्या ज्ञानाचा असेल, तर तो तिचाच धरतात. तुमच्या पदवीची दखल आयकर खात्याने घेतली आहे, घराने घ्यायची राहिली आहे.

'वहिनी' म्हणणं बंद होणार नाही, तिकडे शक्ती घालवू नका. चादर-टॉवेलवाल्या क्लायंटपैकी तिघे-चौघे पूर्ण तुमच्याकडे घ्या. त्यांचे फोन तुम्ही घ्यायचे, बैठकीला तुम्ही बसायचं, अहवालावर सही तुमची. मिस्टर त्या वेळी केबिनमध्ये नसलेलेच बरे. पहिल्या वर्षी एखादा क्लायंट कुरकुरेल. नोटिशीचं उत्तर वेळेत गेलं की गप्प बसेल.

प्रश्न : मुलगी सीए इंटर (सीएची मधली परीक्षा) पास झाली. एक चांगलं स्थळ आलंय, पण ते म्हणतात, "पुढचं शिक्षण लग्नानंतर बघू." काय करावं? (एक वडील, बार्शी)

उत्तर : स्थळाला थांबायला सांगा. दोन वर्षांची आर्टिकलशिप आणि त्यानंतर फायनल. फायनल आता वर्षातून तीनदा होते, त्यामुळे एखादा प्रयत्न हुकला तरी पूर्वीसारखे सहा महिने जात नाहीत. 'बघू' म्हणणारे नंतर बघत नाहीत, असा माझा अनुभव आहे. आणि तुमच्या मुलीला काय वाटतं, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेक्सटाईल युनिटमध्ये मी आठ वर्षं अकाउंट्स बघते. बाळंतपणाची रजा संपवून परतले, तर मला ज्युनिअर असलेला मुलगा मॅनेजर झाला होता. मालक म्हणाले, "तुझं लेकरू लहान आहे, तुला त्रास नको." यावर कायदा काय सांगतो?

उत्तर : कायदा रजेपुरता स्पष्ट आहे. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा, त्या काळात कामावरून काढायचं नाही, सेवाशर्ती तुमच्या तोट्याच्या करायच्या नाहीत. तुमचं पद किंवा पगार कमी केला असेल तर वकिलाकडे जाण्यासारखी बाब आहे. दुसऱ्याला वर चढवलं, एवढ्यावर मात्र कायदा फार काही देणार नाही. खोटी आशा कशाला दाखवू?

तुमच्याच वाट्याला हे आलं असंही नाही. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या आकडेवारीवरून दाखवलं की, स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी मुख्यतः पहिल्या मुलानंतर रुंदावते, आणि जिथे कधीही, कितीही वेळ हजर राहणाऱ्याला जास्त मोल मिळतं तिथे ती सर्वांत मोठी असते. रात्री साडेनऊला "जरा स्टेटमेंट पाठव" म्हणणारे आपले कारखानदार आठवा.

मालकांशी एकदा बोला, पण त्रासाबद्दल नको. महिनाअखेर किती तारखेला बंद होते, जीएसटीचा परतावा कुणी काढला, बँकेच्या कर्जमर्यादेचं नूतनीकरण कुणाच्या कागदांवर झालं, हे एका पानावर लिहून न्या आणि सरळ विचारा, "पुढची मॅनेजरची जागा कधी, आणि माझ्यात काय कमी आहे?" उत्तर गोलगोल आलं, तर बाहेर अर्ज सुरू करा. कुटुंबाच्या मालकीच्या युनिटमध्ये सगळ्यांत वरची खुर्ची एरवीही पुतण्यासाठीच राखलेली असते. पुण्याच्या कंपन्यांची घरून करायची कामं आता सोलापुरात बसून मिळतात.

प्रश्न : माझी स्वतःची फर्म आहे. मुली हुशार असतात, मान्य. पण लग्न झालं की जातात. म्हणून मोठी जबाबदारी देत नाही. यात माझं काय चुकलं?

उत्तर : साहेब, तुमच्या फर्ममधले मुलगे कुठे जातात? गेल्या पाच वर्षांत फर्म सोडून गेलेल्यांची यादी करा. निम्मे तरी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलेले निघतील. त्यांना शिकवताना तुम्ही हात आखडला नव्हता.

सीएंच्या इन्स्टिट्यूटच्या (आयसीएआयच्या) सभासदांत आज साधारण तीस टक्के महिला आहेत, विद्यार्थ्यांत चाळीस टक्क्यांहून जास्त मुली. त्यांना बाजूला ठेवून तुम्ही माणसं आणणार कुठून? ही सवय एकट्या तुमची नाही, हेही खरं. १९४९ साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूटच्या अध्यक्षपदी आजवर एकही महिला बसलेली नाही. आणि या पेशातल्या आपल्या देशातल्या पहिल्या महिला आर. शिवभोगम, त्या १९३३ मध्ये परीक्षा पास झाल्या. सत्याग्रहात तुरुंगात गेल्या म्हणून नोंदणी अडली, तेव्हा कोर्टात जाऊन त्यांनी ती मिळवली. लग्न झाल्यावर मुली जातात कारण परत यावं असं काम त्यांच्या हातात दिलेलं नसतं. एका मुलीला एक क्लायंट पूर्ण देऊन बघा.

प्रश्न : मी बी.कॉम., वय ४२, मुलं मोठी झाली. जीडीसी अँड ए (सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका) करू का? आता उशीर झाला का? (पंढरपूर)

उत्तर : करा. सहकार खात्याची ही परीक्षा पदवीधराला देता येते आणि वय आडवं येत नाही. मात्र पास झाल्याबरोबर स्वतंत्र ऑडिट मिळेल असं समजू नका. प्रमाणित लेखापरीक्षक व्हायला संस्थांच्या ऑडिटचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे कुणाच्या तरी हाताखाली राहावं लागेल. तुमच्या भागात पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या भरपूर आहेत. महिला पतसंस्थांपासून सुरुवात करा. सोबत घेणाऱ्या लेखापरीक्षकाला पहिल्याच दिवशी विचारा, "कामकाजाच्या कागदांवर माझं नाव येणार ना?" आणि तीन वर्षं कुठल्या संस्था केल्या, कोणत्या तारखेला, याची वही स्वतः ठेवा. अनुभवाचा दाखला मागायची वेळ येईल तेव्हा तीच वही पुढे करता येईल.